पहिलंच आयकर विवरणपत्र भरताय? चार बैठका पुरतात

जुलै संपत आला की नाशिकमध्ये दोन गोष्टींची चौकशी जोरात असते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं का आणि ते दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, ही एक. "तुझं रिटर्न झालं का भरून?" ही दुसरी. पहिल्या बाबतीत आपल्या हातात काही नसतं. घाटावर जायचं, पूर बघायचा आणि गरम भजी खाऊन घरी यायचं. दुसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातातली, पण धास्ती तिचीच जास्त.

मी अंबडच्या एका कारखान्यात हिशोब बघते. दर जूनमध्ये कँटीनच्या टेबलावर कोणी ना कोणी फॉर्म १६ ची (पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या कंपनीच्या दाखल्याची) घडी उलगडून माझ्यासमोर ठेवतं. इतक्या वर्षांत आकडेमोडीपायी कुणी रडकुंडीला आलेलं मी पाहिलं नाही, ती बेरीज-वजाबाकी संकेतस्थळच करून देतं. लोक अडकतात ते भलत्याच ठिकाणी. आधारला जुना मोबाईल नंबर असतो. पासवर्ड आठवत नाही. पतसंस्थेचा व्याजाचा दाखला आईच्या कपाटात असतो आणि आई गावाला. आणि हे सगळं कळतं ३१ जुलैच्या रात्री साडेदहाला. मीही एकदा अशीच बसले होते. ओटीपी ज्या नंबरावर जात होता, तो मी दोन वर्षांपूर्वीच बंद केला होता.

म्हणून काम चार बैठकांत वाटून घ्या. एका बैठकीला तासाभराच्या वर वेळ लागत नाही. हा लेख नोकरदार, निवृत्तिवेतनधारक आणि ज्यांच्या घरी थोडीफार शेती आहे अशांसाठी आहे. दुकान किंवा व्यवसाय असेल तर यातला पहिला भाग उपयोगी पडेल, फॉर्म मात्र वेगळा लागेल.

आधी वर्षाचा घोळ मिटवू

एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मध्ये जे कमावलं त्याचं विवरणपत्र ३१ जुलै २०२६ पर्यंत भरायचं आहे. कमाईचं ते आर्थिक वर्ष २०२५-२६. ती तपासायचं वर्ष म्हणजे निर्धारण वर्ष २०२६-२७. इथवर जुनंच आहे. यंदा भर पडली आहे ती नव्या आयकर कायद्याची. २०२५ चा हा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि त्यात 'कर वर्ष' हा शब्द आला. एप्रिल २०२६ पासूनची कमाई ही 'कर वर्ष २०२६-२७' ची. म्हणजे 'निर्धारण वर्ष २०२६-२७' आणि 'कर वर्ष २०२६-२७' हे आकडे तेच दिसतात, पण बोलतात वेगवेगळ्या बारा महिन्यांबद्दल. यंदाचं विवरणपत्र १९६१ च्या जुन्या कायद्यानुसारच आहे, तेव्हा पैसे भरताना निर्धारण वर्षच निवडा. इथे चुकलेला भरणा दुरुस्त करून घ्यायला जी फरफट होते, तिच्यापुढे विवरणपत्र भरणं काहीच नाही.

मुदतीबद्दलही एक सांगते. २०२५ मध्ये ती ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि मग आणखी एक दिवस वाढली. तेव्हापासून आमच्या कँटीनमध्ये "वाढवतील हो" म्हणणाऱ्यांचा एक पक्षच तयार झालाय. त्या पक्षात जाऊ नका.

"कर शून्य आहे ना, मग भरायचं कशाला?"

हा प्रश्न माझ्या भाच्याचा. सातपूरला नोकरी, वर्षाला साडेनऊ लाख पगार. "मावशी, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं सगळे म्हणतात, मग मला का छळतेस?"

त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत; जुनीत त्या मिळतात) करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य होतो, पण तो ८७ए कलमाच्या सवलतीमुळे. आधी कर लागतो, मग तो माफ होतो, आणि हा हिशोब मांडायची जागा म्हणजेच विवरणपत्र. भरणं बंधनकारक होतं ते उत्पन्नाने मूळ सूट मर्यादा ओलांडली की. नव्या प्रणालीत ही मर्यादा ४ लाख आहे. जुन्या प्रणालीत २.५ लाख, ६० वर्षांवरील ज्येष्ठांना ३ लाख. म्हणजे भाच्याला भरावंच लागणार.

उत्पन्न कमी असूनही भरावं लागतं अशी काही कारणं आहेत. वर्षभरात २५,००० रुपयांपेक्षा जास्त टीडीएस (पगार किंवा व्याज देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) कापला गेला (ज्येष्ठांना ५०,०००), परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च झाला, वीजबिल वर्षाला १ लाखाच्या पुढे गेलं किंवा बचत खात्यांत वर्षभरात ५० लाखांहून जास्त रक्कम जमा झाली. शिवाय गृहकर्जाच्या वेळी बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, तेव्हा ती एका रात्रीत उगवत नाहीत.

पहिली बैठक: किल्ल्या शोधायच्या (मे महिना)

या बैठकीत उत्पन्नाचा आकडाही बघायचा नाही. फक्त दारं उघडतात का ते पाहायचं.

पॅन आणि आधार जोडलेले आहेत का, ते आयकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगिन न करताही तपासता येतं. जोडलेले नसतील तर पॅन निष्क्रिय समजला जातो, परतावा अडकतो आणि टीडीएसही चढ्या दराने कापला जातो. मग आधारशी जोडलेला मोबाईल नंबर आज तुमच्या खिशात आहे का ते बघा. नसेल तर आधार सेवा केंद्रात जाऊन बदलून घ्या. हे काम ऑनलाइन होईल या भरवशावर राहू नका. नंतर पॅन हाच युजर आयडी धरून संकेतस्थळावर नोंदणी करा किंवा जुना पासवर्ड बदला. मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या. ओळखीच्या एजंटचा ईमेल दिलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्या नावाची नोटीस एजंटला जाते आणि एजंटने धंदा बदललेला असतो.

शेवटी बँक खातं. परतावा मिळायचा असेल तर खातं संकेतस्थळावर आधी पडताळून घ्यावं लागतं. इथे आपल्याकडे हमखास नडतं ते नाव. पॅनवर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं, किंवा एका ठिकाणी वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. पडताळणी तिथेच फसते. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर जुना आयएफएससी कोडही चालत नाही. मे महिन्यात हे कळलं तर वेळ आहे. जुलैत कळलं तर डोकेदुखी आहे.

दुसरी बैठक: कागद जमवा, मग जुळवा (१५ जूननंतर)

१५ जूनच का? जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण कंपन्या आणि बँका ३१ मेपर्यंत दाखल करतात आणि फॉर्म १६ द्यायची मुदत १५ जून असते. एप्रिलमध्येच उत्साहाने भरायला बसलात तर शेवटच्या तीन महिन्यांचा टीडीएस दिसतच नाही, आणि "कंपनीने पैसे खाल्ले" असा उगाच संशय येतो.

एक प्लास्टिकची फाईल घ्या, मेन रोडवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. मोबाईलमध्येही एक फोल्डर करा. त्यात हे घाला: फॉर्म १६, सगळ्या बचत खात्यांचं आणि ठेवींचं व्याजाचं प्रमाणपत्र, पोस्टाच्या योजनांचं व्याज, पतसंस्थेतल्या ठेवींचा दाखला, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील तर ब्रोकरकडून भांडवली नफ्याचं विवरण, आणि घरभाडं येत असेल तर त्याचा हिशोब. गृहकर्ज असेल तर बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्रही.

मग संकेतस्थळावरून दोन गोष्टी उतरवून घ्या. २६एएस म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराची नोंद. एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण. तुमचं व्याज, लाभांश, शेअरची विक्री, मोठ्या रोख भरण्या, असं आयकर खात्याला तुमच्याबद्दल जे काही कळलंय ते त्यात एकत्र असतं. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन छोट्या लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख, आठ अंकांत.

आता कागदं एका बाजूला, एआयएस दुसऱ्या बाजूला, हातात पेन्सिल. प्रत्येक नोंदीपुढे टिक. माझ्या मते सगळ्या विवरणपत्राचं खरं काम या अर्ध्या तासात होतं, पुढचं सगळं नुसतं टंकलेखन. जुळलं नाही तर दोन शक्यता.

एआयएसमध्ये आहे पण तुमच्या कागदात नाही: बहुधा तुम्ही विसरलात. कॉलेजात असताना उघडलेलं खातं, आजोबांनी नावावर ठेवलेली मुदत ठेव. खरोखरच तुमचं नसेल तर त्याच नोंदीवर "माहिती बरोबर नाही" असा अभिप्राय नोंदवता येतो. संयुक्त खात्यात हे बऱ्याचदा होतं. पैसे आईचे असतात आणि व्याज पहिलं नाव असलेल्या मुलाच्या पॅनवर दिसतं.

कागदात आहे पण एआयएसमध्ये नाही: तरीही दाखवायचंच. पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज तिथे दिसेलच असं नाही. "दिसत नाही म्हणजे करमुक्त" हा समज जिल्ह्यात फार पक्का आहे आणि साफ चुकीचा आहे. बँकेने टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, हेही तसंच. २०२५-२६ मध्ये एका बँकेकडून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला जात नव्हता, ज्येष्ठांसाठी ही मर्यादा १ लाख होती. ही मर्यादा कापण्याची आहे, करमाफीची नव्हे.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली असेल तर इथे थांबा आणि दोन्ही फॉर्म १६ शेजारी ठेवा. समजा पहिल्या कंपनीत सहा महिने महिना १ लाखाने ६ लाख मिळाले. मग सिन्नरला गेलात, तिथे सहा महिने सव्वा लाखाने साडेसात लाख. पहिल्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळते ती) दिली आणि कर शून्य काढला. दुसरीला तुम्ही आधीचा पगार सांगितलाच नाही, तिने साडेसात लाखांवर शून्य काढला. एकत्र बेरीज १३,५०,०००. वजावट एकदाच मिळते, म्हणून करपात्र १२,७५,०००. कर ७१,२५०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ७४,१००. वर व्याज. दोन्ही कंपन्यांचं चुकलं नाही आणि तुमच्या खिशाला मात्र पाऊण लाखाचं भोक. नव्या नोकरीत रुजू होतानाच आधीच्या पगाराची माहिती पगार विभागाला लेखी दिली की हे दरमहा थोडंथोडं कापलं जातं.

तिसरी बैठक: कुठली प्रणाली, कुठला फॉर्म

प्रणालीचा निर्णय बहुतेकांसाठी आता अवघड राहिलेला नाही. नवी प्रणाली आपोआप लागू असते, जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. फक्त पगार असेल आणि तो १२,७५,००० च्या आत असेल तर नवी घ्या, विषय संपला. त्याच्या जरा वर गेलात तरी घाबरू नका. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर कर ६१,५०० होत नाही, वरच्या १०,००० इतकाच आणि त्यावरचा उपकर लागतो.

पगार १५ लाख असेल तर? नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाऊन १४,२५,००० उरतात. ४ लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, उरलेल्यावर १५ टक्के. उपकरासह ९७,५००. जुन्या प्रणालीत हाच माणूस ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर (फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात, तो हाच), ८०सी चे (पीएफ, आयुर्विमा अशा बचतीचे) पूर्ण दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे पूर्ण २ लाख आणि आरोग्य विम्याचे २५,००० घेऊनही १,३९,६२० भरतो. या पगाराला जुनी प्रणाली बरोबरीत यायला सगळ्या वजावटी मिळून ५,९४,००० च्या आसपास लागतात. घरभाडं भत्ता मोठा असेल आणि खरोखर मोठं भाडं भरत असाल तरच हा आकडा गाठता येतो. त्यातही नाशिक महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे भत्त्याच्या हिशोबात मूळ वेतनाच्या ४० टक्केच धरले जातात, मुंबईसारखे ५० नव्हे. संकेतस्थळावर दोन्ही प्रणालींची तुलना करणारं गणकयंत्र आहे, त्यात आपले आकडे घालून पाहा. फक्त पगारदार असाल तर दरवर्षी निवड बदलता येते. पण जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरलं पाहिजे.

फॉर्मची निवड अशी. पगार, घर आणि व्याज एवढंच असेल, एकूण ५० लाखांच्या आत असेल, तर आयटीआर-१, ज्याला 'सहज' म्हणतात. शेअर किंवा इक्विटी फंडावरचा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखापर्यंत असला तरी हाच चालतो. एका वर्षाच्या आत शेअर विकून नफा केला असेल तर आयटीआर-२. इथे तरुण मंडळींना एक चिमटा बसतो. हा अल्प मुदतीचा नफा २० टक्क्यांनी करपात्र आहे आणि ८७ए ची सवलत त्याला लागू नाही. भाच्याने ४०,००० चा असा नफा केला होता. पगारावर कर शून्य, पण या नफ्यावर उपकरासह ८,३२०. तोंड बघण्यासारखं झालं होतं. आणि इंट्राडे (त्याच दिवशी शेअर घेऊन विकणं) किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स केलं असेल, तोटा झाला असला तरी, तो व्यवसाय धरला जातो आणि आयटीआर-३ लागतो. त्यासाठी सरळ सीएकडे जा.

शेती असेल तर हे आधी वाचा

निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला, जिल्ह्यातल्या निम्म्या नोकरदारांच्या घरी कांदा नाहीतर द्राक्षं असतात. त्यामुळे हे जरा सविस्तर.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दाखवायचं असतं. वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त निव्वळ शेती उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. ते ५ लाखांच्या पुढे असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की कसायला घेतलेली, बागायत की जिरायत हेही भरावं लागतं. सातबारा जवळ ठेवा.

करमुक्त असूनही त्याचा तुमच्या पगारावरच्या करावर परिणाम होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. समजा पगारातून करपात्र १४ लाख आणि शेतीचे निव्वळ ३ लाख. नुसत्या १४ लाखांवर कर ९०,०००. पण नियम असा की आधी दोन्हींची बेरीज, म्हणजे १७ लाखांवर कर काढायचा, १,४०,०००. मग शेतीचे ३ लाख अधिक मूळ सूट ४ लाख, अशा ७ लाखांवरचा कर १५,००० त्यातून वजा करायचा. उरले १,२५,०००. शेतीवर कर नाही, पण पगार वरच्या पायरीवर ढकलला गेला आणि ३५,००० वाढले. पगारातून करपात्र १२ लाखांच्या आत असेल तर ८७ए ची सवलत हा भार झेलते, पण ६०,००० रुपयांच्या करापर्यंतच, त्यावरचा भरावा लागतो.

आता उत्पन्न कोणाचं? जमीन वडिलांच्या नावावर, बाजार समितीची हिशोबपट्टी वडिलांच्या नावावर, तर उत्पन्नही वडिलांचं, मग पैसे तुमच्या खात्यात का येईनात. आणि इथेच गडबड होते. कांद्याचे रोख पैसे मुलाच्या बचत खात्यात भरले जातात, वर्षाची रोख भरणा १० लाखांवर गेली की बँक ती आयकर खात्याला कळवते आणि एआयएसमध्ये मुलाच्या नावावर आकडा उभा राहतो. पैसे वडिलांच्याच खात्यात घ्या आणि हिशोबपट्ट्या फेकू नका. लासलगावला किंवा पिंपळगावला माल दिला की पट्टीचा लगेच फोटो काढून त्या फोल्डरमध्ये टाका. कागद पावसात विरघळतो.

सगळंच मात्र शेतीचं नसतं. द्राक्षांच्या पैशांची मुदत ठेव केली तर तिचं व्याज शेतीचं नाही, ते पूर्ण करपात्र. दुधाचे पैसे शेतीचे नाहीत. ट्रॅक्टर भाड्याने दिला, तेही नाही. जमीन कसायला देऊन खंड घेतला तर तो मात्र शेती उत्पन्नात येतो.

जमीन विकली असेल तर या लेखावर विसंबू नका. एवढंच लक्षात ठेवा की नाशिक महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १० लाखांच्या वर होती, त्यामुळे हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन 'ग्रामीण' धरली जात नाही आणि तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. अंतर रस्त्याने नाही, पक्ष्याच्या उड्डाणासारखं सरळ मोजायचं. शहराभोवती प्लॉट पडतायत तिथे या एका मुद्द्यावर लाखांचा फरक होतो, सीएची फी त्यापुढे किरकोळ.

चौथी बैठक: भरणं (जुलैचा पहिला पंधरवडा)

रात्री उशिरा किंवा भल्या सकाळी बसा, संकेतस्थळ हलकं चालतं. निर्धारण वर्ष, ऑनलाइन पद्धत, फॉर्म, या क्रमाने पुढे जा. पगार, टीडीएस, व्याज यातलं बरंच आधीच भरलेलं दिसेल. ते सोयीचं आहे, पण पुरावा नव्हे. तुमच्या पेन्सिलच्या टिकांशी एकेक आकडा ताडून पाहा. जुनी प्रणाली हवी असेल तर सुरुवातीलाच विचारतात, 'नव्या प्रणालीतून बाहेर पडायचंय का?' या उलट्या प्रश्नाला घाईत भलतं उत्तर दिलं जातं, दोनदा वाचा. मधेच उठायचं झालं तर मसुदा जतन होतो.

वजावटी मागितल्या तर आता नुसता आकडा चालत नाही, विम्याचा पॉलिसी क्रमांक, कर्ज खात्याचा क्रमांक असे तपशील विचारले जातात. "परतावा काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे" म्हणणाऱ्या माणसांपासून म्हणूनच लांब राहा. ते राजकीय पक्षांना दिलेल्या खोट्या देणग्या, नसलेले आजार आणि नसलेलं घरभाडं दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा मध्यस्थांवर देशभर कारवाई केली. चुकीची माहिती मुद्दाम दिल्याचं ठरलं तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो भरायचा तुम्ही. मध्यस्थाची सही विवरणपत्रावर कुठेच नसते.

शेवटी कर देणं निघालं तर तिथूनच 'ई-पे टॅक्स' वर जाऊन स्वयंनिर्धारण कर भरा. चलनाचे तपशील विवरणपत्रात आले का बघा, मगच पुढे. दाखल करण्याआधी मसुद्याची पीडीएफ उतरवून एक रात्र तशीच ठेवा. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचा. मला दर दोन वर्षांनी तरी एखादी चूक या चहाच्या कपात सापडते.

दाखल केल्यावर काम संपत नाही. ३० दिवसांत पडताळणी केली नाही तर न भरल्यासारखंच. आधार ओटीपीने ती दोन मिनिटांत होते, नेट बँकिंगमधूनही होते. तेही जमत नसेल तर पोचपावतीची प्रत सही करून बेंगळुरूच्या केंद्राला टपालाने पाठवता येते.

नंतर येणारी पत्रं

काही दिवसांत किंवा आठवड्यांत कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. तिला नोटीस समजून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. ती फक्त हिशोबाची पोच असते. एका रकान्यात तुम्ही दिलेले आकडे, दुसऱ्यात खात्याचे. पासवर्ड एआयएसचाच. दोन्ही रकाने सारखे असतील तर फाईलला लावा. फरक असेल तर कुठल्या ओळीत आहे ते बघा, बहुतेक वेळा टीडीएसची एखादी नोंद राहिलेली असते. चूक तुमची असेल तर दुरुस्त विवरणपत्र भरता येतं.

"तुमचा १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर, खाली टिचकी मारा" असे संदेश याच काळात येतात. परतावा पडताळलेल्या खात्यात आपोआप जमा होतो, त्यासाठी ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा पिन आयकर खातं कधीच मागत नाही.

मुदत चुकलीच तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरता येतं. शुल्क ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००, आणि देय कराला दरमहा १ टक्का व्याज. जुनी प्रणाली निवडता येत नाही आणि शेअरमधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. त्याही पुढे निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षं अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे, पण ती जादा कर भरण्यासाठी, परतावा मागण्यासाठी नाही.

पोचपावती, विवरणपत्राची पूर्ण प्रत आणि १४३(१) ची सूचना असे तीन कागद त्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये सर्वांत वर ठेवा. फाईलच्या पाठीवर ठळक लिहा: 'कमाई एप्रिल २०२५ ते मार्च २०२६'. निर्धारण वर्ष, कर वर्ष यातलं काही लिहू नका, पुढच्या जूनमध्ये तुमचाच गोंधळ उडेल. शेजारी दुसरी रिकामी फाईल ठेवा, कारण एप्रिल ते जूनच्या पगाराच्या तीन चिठ्ठ्या आणि उन्हाळ कांद्याच्या दोन पट्ट्या एव्हाना कुठेतरी टेबलावर पडल्या असतीलच.